नीळ आणि दोन दर्पण

चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'च्या तिसऱ्या परिच्छेदात विप्रलंभ शृंगाराचे विवेचन करताना पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत : नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. जो बाहेर फारसा झळकत नाही, पण मनातून कधी जातही नाही, तो नीलीराग. जो शोभतो पण टिकत नाही, तो कुसुंभराग. जो टिकतो आणि शोभतोही, तो मंजिष्ठाराग. नीलीरागाचे उदाहरण म्हणून विश्वनाथ राम आणि सीता यांच्या प्रीतीकडे बोट दाखवतो. काव्यशास्त्राचे अध्यापन करताना हे वर्गीकरण एक चमत्कृतिपूर्ण भेद म्हणून सांगितले जाते आणि वर्ग पुढे सरकतो. 'राग' या शब्दाचा मूळ अर्थच रंग किंवा रंगवणे असा आहे, आणि येथे रूपकाच्या आड रंगाऱ्याचे तीन वेगळे व्यवहार उभे आहेत, हे सहसा सांगायचे राहून जाते.

हे वर्गीकरण कारागिराच्या अनुभवाशी किती काटेकोरपणे जुळते, हे पाहण्याजोगे आहे. कुसुंभ म्हणजे करडईचे फूल. त्याचा तांबडा-गुलाबी रंग डोळ्यांत भरणारा, पण उन्हाने आणि धुण्याने लवकर उतरणारा. मंजिष्ठेच्या मुळांचा तांबडा रंग पक्का असतो, मात्र त्यासाठी कापडाला आधी तुरटीचा संस्कार द्यावा लागतो. नीळ या दोहोंपेक्षा वेगळी. निळीच्या पानांत निळा रंग तयार स्वरूपात नसतोच. पाला हौदात भिजत घालून आंबवला की पिवळट-हिरवे पाणी मिळते. ते पाणी घुसळून त्यात हवा खेळवली म्हणजे निळे कण तयार होऊन तळाशी बसतात. तो साका उकळून, गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडतात. या वड्या पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रंगाऱ्याला आपल्या रांजणात नीळ पुन्हा आंबवून विरघळण्याजोगी करावी लागते. रांजणातून कापड वर येते ते हिरवट-पिवळे दिसते आणि हवा लागताच पाहता पाहता निळे होते. तुरटीची गरज येथे नाही. विरघळलेली नीळ धाग्यात शिरते आणि तेथेच पुन्हा अविद्राव्य होऊन बसते. पाण्याने ती निघत नाही, कारण पाण्यात ती विरघळतच नाही. नीलीराग 'जात नाही' याचे कारण हे आहे. कच्छमधील खत्री कारागिरांच्या अजरखात नीळ आणि मंजिष्ठ एकाच वस्त्रावर शेजारी शेजारी नांदतात. विश्वनाथाचे दोन राग तेथे एका दृष्टिक्षेपात पाहता येतात.

तरीही 'साहित्यदर्पणा'त रंगाऱ्याला स्थान नाही. गुण घेतला, तो निर्माण करणारे हात मात्र शास्त्राच्या चौकटीबाहेर राहिले. ही उपेक्षा एकट्या विश्वनाथाची नव्हे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी वैश्यवृत्तीने जगावे लागणाऱ्या ब्राह्मणाने ज्या वस्तू विकू नयेत त्यांच्या यादीत नीळ आहे, लाख आहे. ज्या वस्तूला विद्येच्या घरात विकण्याचीही बंदी, तिचे रूपक मात्र त्याच घरात सन्मानाने नांदत होते. निळीचा रांजण प्रत्यक्ष दिसतो तो शास्त्रात नव्हे, कथेत. 'पंचतंत्रा'तील चंडरव नावाचा कोल्हा कुत्र्यांच्या भयाने पळताना निळीच्या रांजणात पडतो आणि निळ्या अंगाने वनाचा राजा होऊन बसतो. ही कथा ढोंगाची म्हणून वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिचे कथानक ज्या गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे नीळ धुऊन निघत नाही ही साधी माहिती. कोल्ह्याचा रंग टिकतो, आवाज मात्र जातीवर जातो. मूर्खाची पकड, खेकड्याची पकड आणि निळीची पकड सारखीच, अशा आशयाचे सुभाषितही त्याच कथेच्या आश्रयाने आले आहे.

'दर्पण' हा शब्द पुढे शास्त्रग्रंथांच्या मुखपृष्ठावरून उतरून वृत्तपत्रांच्या शिरोभागी आला. श्रीरामपूरचे 'समाचार दर्पण' १८१८ साली निघाले, आणि बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत. आरशात आता रस न दिसता समाज दिसू लागला. याच अर्थाने दीनबंधू मित्र यांनी आपल्या नाटकाला 'नीलदर्पण' हे नाव दिले. टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त बंगालभर हिंडलेल्या या लेखकाचे नाटक १८६० साली ढाक्याहून छापले गेले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते, केवळ कोणी एक पथिक असा निर्देश होता.

मराठी वाचकाला या शीर्षकापाशी थोडे थांबावे लागते. बंगालीत 'नील' म्हणजे रंगही आणि ती वस्तूही. संस्कृतात 'नील' हा वर्ण आणि 'नीली' ही वनस्पती असा भेद आहे. मराठीनेही 'निळा' आणि 'नीळ' असा भेद राखला आहे. तत्सम 'नील' शब्द मराठीत बहुधा काव्याच्या वाटेने येतो, त्याच्याबरोबर आकाश येते, श्रीकृष्ण येतो, ज्ञानदेवांच्या गवळणी येतात. त्यामुळे 'नीलदर्पण' हे नाव मराठी कानाला निळ्या आरशासारखे, जवळजवळ भावगीतासारखे ऐकू येते. १८६१ च्या इंग्रजी भाषांतराने शीर्षकात निळीच्या लागवडीचा स्पष्ट उल्लेख करून हा घोटाळा टाळला, पण बंगाली शब्दातील दुहेरीपण त्याबरोबर गमावले.

नाटकात मात्र हा निळा रंग शोधूनही हाती लागत नाही. निळीचे शेत आहे, दादन आहे, कोठी आहे, चाबूक आहे. त्या निळीने रंगलेले वस्त्र मात्र कथानकात कोठेही कारण म्हणून येत नाही. यात नाटककाराची उणीव शोधणे चुकीचे ठरेल. बंगालमधील रयती पद्धतीत कुळाला आगाऊ रक्कम, म्हणजे दादन, देऊन त्याच्या जमिनीवर नीळ पेरून घेतली जाई. जमीन त्याची, कष्ट त्याचे, आणि हिशेब कोठीचा. पिकाच्या जुड्या साखळीने मोजल्या जात, त्यांचा भाव इतका कमी की दादन फिटतच नसे, आणि न फिटलेले दादन बापाकडून मुलाकडे जाई. शेतकऱ्याने कोठीवर पोचवला तो हिरवा पाला. हौदात कंबरभर पाण्यात उभे राहून तो घुसळणारे मजूर पुष्कळदा छोटानागपूरच्या डोंगराळ भागातून आणलेले असत. वड्या कलकत्त्यामार्गे परदेशी जात. नीळ पिकवणाऱ्याचा निळ्या रंगाशी संबंध येण्याचे कारणच उरले नव्हते. भाताच्या जमिनीवर उभे राहिलेले, खाता न येणारे एक हिरवे पीक, हीच त्याची नीळ. रंगाचा अभाव ही या नाटकातील सर्वांत खरी गोष्ट आहे.

प्रस्तावनेत रंगांचा जो एकमेव खेळ आहे तोही निळ्याचा नाही. हा आरसा नीळकरांच्या हाती देत असल्याचे सांगून, त्यांनी त्यात मुख पाहावे, कपाळावरील स्वार्थाचा कलंकरूपी टिळा पुसावा आणि परोपकाराचे श्वेतचंदन लावावे, असे लेखक विनवतो. पुढे महाराणी व्हिक्टोरियाच्या आणि तिच्या अधिकाऱ्यांच्या न्यायबुद्धीची स्तुती येते. रणजित गुहा यांनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमके यावरच बोट ठेवले. शेतकऱ्यांचा उठाव १८५९-६० मध्ये प्रत्यक्ष पेटलेला असताना नाटक मात्र कायद्यावर आणि सरकारच्या सदिच्छेवर विसंबते, उदारमतवादी भद्रलोकांच्या आरशात उठावाचे प्रतिबिंब वाकडे पडते, असा त्यांचा आक्षेप आहे. तो नाकारता येत नाही. रोग साहेबाच्या तावडीतून क्षेत्रमणीला सोडवताना तोराप त्याला चोपतो, तेव्हा त्याला आवरणारा नवीनमाधवच असतो.

परंतु गुहा यांचे वाचन नाटकाच्या विचारापाशी थांबते. नाटकाची भाषा आणखी काही सांगते, आणि तेथे दोन दर्पण समोरासमोर येतात. स्वरपूरचे वसू घराणे, म्हणजे गोलोकचंद्र, त्याचे पुत्र नवीनमाधव आणि बिंदुमाधव, सुना सैरिंध्री आणि सरलता, संस्कृतप्रचुर, समासबद्ध, अलंकृत बोलते. दुःख जितके वाढते तितके समास लांबतात. हा विलाप काव्यशास्त्राच्या घरचा आहे. सैरिंध्रीची निष्ठा तर नीलीरागाच्या लक्षणात सहज बसावी. सैरिंध्री हे विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या, कीचकाने छळलेल्या द्रौपदीचे नाव. नाटकात मात्र कीचकाचा हात पडतो तो या कुलवधूवर नव्हे, शेतकरी साधुचरणाच्या गरोदर मुलीवर, आणि तिच्या नावातच शेत आहे : क्षेत्रमणी. पुराणातले नाव वरच्या घरात आणि त्या नावाचे भोग खालच्या घरात, अशी ही वाटणी नाटककाराने जाणूनबुजून केली असेल वा नसेल, ती अर्थपूर्ण आहे.

दुसरीकडे तोराप, राइचरण आणि दासी आदुरी आपल्या बोलीत बोलतात. कोठीच्या गोदामात, खोट्या साक्षीसाठी कोंडलेल्या रयतेचा प्रवेश या दृष्टीने पाहावा. तेथे शिव्या आहेत, भय आहे, भुकेची चौकशी आहे, विनोदही आहे, आणि नीळ म्हणजे काय हे समग्र नाटकात इतक्या नेमकेपणाने अन्यत्र कळत नाही. वसू घराण्यातील मृत्यूंची रांग (गोलोकचंद्राचा तुरुंगातला गळफास, मारहाणीने नवीनमाधवाचा अंत, वेडाच्या भरात सावित्रीकडून सरलतेचा वध) आज कृत्रिम वाटते. तोरापचे एखादे वाक्य तसे वाटत नाही. बंकिमचंद्रांनी दीनबंधूंवर लिहिताना याचे मर्म ओळखले होते. तोरापची ग्राम्य भाषा कापली तर तोरापच तुटका राहिला असता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. रुचीच्या नावाने नाके मुरडणाऱ्या काळात हे म्हणायला धैर्य लागते. 'नीलदर्पणा'तील भाषिक दुभंग हा शैलीचा दोष म्हणून नोंदवला जातो. तो त्या आरशाला गेलेला तडा आहे आणि त्यातूनच खरे दिसते.

नाटकाचे पुढचे चरित्र बहुश्रुत आहे. रेव्हरंड जेम्स लाँग यांनी इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ च्या जुलैमध्ये त्यांच्यावर बदनामीचा खटला चालला आणि एक महिना कैद व हजार रुपये दंड झाला. महाभारताचे बंगाली गद्य भाषांतर सिद्ध करणाऱ्या कालीप्रसन्न सिंह यांनी तो दंड तेथल्या तेथे भरला. भाषांतर मायकेल मधुसूदन दत्त यांचे मानले जाते. त्याविषयी वाद आहे. ७ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरचा पडदा याच नाटकाने उघडला. १८७५ मध्ये लखनौच्या प्रयोगात तोराप रोग साहेबाला मारू लागताच गोरे प्रेक्षक रंगमंचावर धावून आले. सरलतेची भूमिका करणाऱ्या विनोदिनी दासी यांनी आपल्या आत्मकथनात तो गोंधळ सांगितला आहे. प्रस्तावनेतील श्वेतचंदनाच्या विनवणीने कोणी उठून आले नसते. ते उठले तोरापमुळे.

बंगालमध्ये मोडलेली नीळ बिहारमध्ये टिकून राहिली. चंपारणात वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यापैकी तीन कठ्ठे नीळ लावण्याची सक्ती होती, म्हणून तिला तीनकठिया म्हणत. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली तेव्हा मळेवाल्यांनी तोट्याचा भार कुळांवरच टाकला. १९१७ चा चंपारण सत्याग्रह आणि १९१८ चा कायदा हा त्यापुढचा इतिहास. साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाचे आहे ते गांधीजींनी 'आत्मकथे'तील या प्रकरणाला दिलेले शीर्षक : निळीचा डाग. दीनबंधूंच्या प्रस्तावनेतील कलंकच जणू सहा-सात दशकांनी दुसऱ्या भाषेत पुन्हा आला. फरक असा की तेथे तो साहेबाच्या कपाळावर होता आणि त्यानेच तो पुसावा अशी विनंती होती, येथे पुसण्याचे काम कुळांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हाती घेतले आहे.

त्याच प्रकरणात गांधीजी साध्या गद्यात सांगतात, की निळीच्या पुड्या त्यांनी पाहिल्या होत्या, पण ती चंपारणात पिकते आणि तिच्यापायी हजारो शेतकरी हाल सोसतात याची त्यांना कल्पना नव्हती. पुडी आणि शेत यांमधले अंतर निळीविषयीच्या भारतीय लेखनात इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच मोजले गेले असेल. या लेखनात शेतकरी आला, मळेवाला आला, वकील आला, पाद्री आला. रांजणाशी उभा असलेला रंगारी मात्र यांपैकी कोणाच्याच आरशात आला नाही. मराठी मुलखात निळीने सूत आणि कापड रंगवणाऱ्या निराळी जातीचे नावदेखील आज जातींच्या जुन्या नोंदींबाहेर फारसे आढळत नाही.