चार पिकोक्युरीची रेषा

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, लिमरिकच्या अणुवीजकेंद्रात एक कोडे पडले. स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते कामावर येताच किरणोत्सर्गाचा इशारा देणारी घंटा वाजे. वीजनिर्मिती तर सुरूही झाली नव्हती. शोधाअंती दोष केंद्राचा नसून त्यांच्या घराचा निघाला. घरातील हवेत दर लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन होता. जमिनीतील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा वासरंगहीन वायू तयार होतो व पायाच्या भेगांतून घरात शिरतो.

पुढे १९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नागरिकांसाठी रेडॉनची मार्गदर्शिका काढली. तिच्या सुधारित आवृत्त्या नंतर निघाल्या. पुस्तिकेचा मोठा गुण म्हणजे ती वाचकाच्या हाती कृती देते. चाचणीपूर्वी बारा तास दारे-खिडक्या बंद ठेवा, उपकरण राहत्या भागाच्या सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवा, शेजाऱ्याच्या घरावरून आपल्या घराचा अंदाज बांधू नका, अशा सूचना तिच्यात सोप्या भाषेत आहेत.

आमचा आक्षेप आहे तो ‘चार’ या आकड्याला दिलेल्या मानाला. चार पिकोक्युरी किंवा अधिक आढळल्यास घर दुरुस्त करा, असे पुस्तिका सांगते. चारच्या खालीही धोका आहे आणि दोन ते चारच्या दरम्यान दुरुस्तीचा विचार करावा, हेही ती सांगते. पण वाचकाच्या लक्षात राहतो तो चारच. मग ३.८ आलेला निर्धास्त झोपतो आणि ४.२ आलेला घाबरतो. वास्तविक रेडॉनचे प्रमाण हवामानाप्रमाणे व ऋतूप्रमाणे बदलते. दोन दिवसांच्या चाचणीत एवढा फरक सहज पडू शकतो. रेषेजवळच्या घरांसाठी नव्वद दिवसांहून अधिक काळाची चाचणीच खरी.

चार ही कृतीची रेषा आहे, सुरक्षिततेची नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९९ च्या अहवालानुसार सर्व घरे या रेषेखाली आणली, तरी रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे एक-तृतीयांशच टळतील. उरलेले मृत्यू मुख्यतः रेषेखालच्या असंख्य घरांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घनमीटरला १०० बेकेरेल ही पातळी सुचवली. चार पिकोक्युरी म्हणजे १४८ बेकेरेल.

दुसरा आक्षेप मांडणीचा. धूम्रपान करणारे आणि कधीच न करणारे यांची कोष्टके वेगवेगळी छापली आहेत. ती शेजारी ठेवून पाहा. चार पिकोक्युरीला हजारी ६२ धूम्रपान करणाऱ्यांना कर्करोगाचा संभव, तर कधीच न करणाऱ्यांत ७ जणांना. आणखी बोलके म्हणजे, १.३ या सरासरी पातळीच्या घरातील धूम्रपान करणाऱ्यांत हा आकडा २० आहे. १० पिकोक्युरीच्या घरातील इतरांत तो १८. ‘धूम्रपान सोडा’ हा सल्ला पुस्तिकेत आहे. पण तो किती मोलाचा आहे, हे ही तुलनाच सांगते.

वर्गात ही दोन कोष्टके फळ्यावर जोडून मांडावीत आणि विद्यार्थ्यांना विचारावे : या दोन घरांपैकी आधी कुठे आणि काय बदलाल? उत्तराबरोबर कारण मागायला विसरू नये.