तारू, नांगर आणि धृपद

अभंगगायनावरून मिश्रमाध्यमी चित्र रचताना भवसागराचे रूपक आले की चित्रकाराचा हात सहजच शिडाच्या जहाजाकडे वळतो. फळीवर ताणलेले कापडी शीड, काथ्याची दोरी, कोपऱ्यात टाळ आणि वीणा. मांडणी मोहक खरी. परंतु परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, म्हणजे जनाबाईचे जन्मस्थान मानले जाणारे गोदाकाठचे गाव, डोळ्यांपुढे ठेवून ती तपासली असता गाणे आणि चित्र यांचा सांधा निखळलेला दिसतो.

प्रश्न मुळात शब्दांचा आहे. तरणे, तारणे, उतरणे, उतारू, तारू हा सारा परिवार संस्कृत 'तॄ' धातूचा. तीर्थ म्हणजेही मुळात नदीचा उतार. ओलांडणे हा या सर्वांचा गाभा होय. याउलट सुकाणू, नाखवा, खलाशी हे शब्द अरबी-फारसीतून, सागरी व्यवहाराबरोबर मराठीत आले. 'नांगर' तर विशेष बोधप्रद आहे. गलबत रोखणारा नांगर फारसी 'लंगर'पासून, आणि परभणीच्या काळ्या जमिनीत चालणारा संस्कृत 'लांगल'पासून. रूप एक, कूळ निराळे. चित्रात लोखंडी नांगर लटकावणाऱ्याने निदान हा श्लेष तरी ध्यानी घ्यावा!

संतवाणीत 'सागर' हा शब्द आहे, हे खरे. पण त्या सागराला पैलतीर आहे. आणि ज्याचा पैलतीर मनात ठेवून नाव सोडली जाते, ते पाणी अनुभवाने नदीचेच असते. तेथील तारू सफरीला निघत नाही, पार नेते.

मराठवाड्याच्या कलेला शिडाचे जहाज अपरिचित होते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील पूर्णावदानाच्या चित्रात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. त्याच्या नाळेवर डोळा रंगविला आहे आणि वर रांजण मांडले आहेत. मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग, अशी ती भिंत. त्या चित्राच्या आधारे काथ्याने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. जहाज बांधता यावे इतके ते चित्र वस्तुनिष्ठ. तेथेही कथा संकटातून तारण्याचीच आहे. परंतु शीड आले ते कथेत समुद्रप्रवास होता म्हणून.

अभंगात तो प्रवास नाही. त्याची गती धृपदात आहे. प्रत्येक चरणानंतर गाणारा धृपदाशी परततो, जशी नाव प्रत्येक खेपेनंतर त्याच घाटाला लागते. टाळ-मृदंगाचे आवर्तनही समेवर येऊन पुन्हा सुरू होते. ही ये-जा माध्यमांत उतरवावयाची तर वल्हे, दोरीने घासलेला खुंट, घाटाची झिजलेली पायरी ही सामग्री शिडाहून अधिक बोलकी ठरेल. जनाबाईच्या नावाशी निगडित असलेले जातेही असेच फिरून जागेवर येते; ते पाण्यावर तरंगत नाही, एवढाच काय तो त्याचा दोष.