चुलीचं जपानी नाव

‘कमाडो’ हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थ सरळ आहे: चूल. विकणाऱ्यांनी हे मराठीत छापलं तर निम्मं गिऱ्हाईक तिथेच गळेल, कारण लाखाच्या पुढे किंमत असलेल्या वस्तूला चूल म्हणवत नाही. अंड्याच्या आकाराचं, जाड सिरॅमिकचं, पाऊणशे ते शंभर किलो वजनाचं हे चकचकीत धूड सध्या रील्समध्ये जोरात आहे. झाकण उचललं जातं, धूर निघतो, आत मांसाचा काळपट तुकडा दिसतो आणि शेजारी हातमोजे घातलेला पुरुष उभा असतो. पुरुषच. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी वस्तूला तिचं श्रेय द्यायला हवं. पिंपळगाव बसवंतला एका मित्राच्या मळ्यात, द्राक्षबागेच्या कडेला, दोन हिवाळे मी कमाडोवरचं खाल्लं आहे आणि थोडंफार शिजवलंही आहे. यंत्र म्हणून ते हुशार आहे. खाली एक फट, वर एक झडप, मधे कोळसा. दोन्हीकडून हवा किती सोडायची एवढंच तुमच्या हातात. हवा कमी, तर आगही कमी. उघडी चूल लागेल तेवढी हवा ओढते आणि त्या हवेबरोबर बरीचशी उष्णता निघून जाते. कमाडोच्या जाड भिंती ती धरून ठेवतात. म्हणून एकदा भरलेल्या कोळशावर 110 अंशांची मंद आच बारा तास सहज टिकते आणि दोन बोटं झडप सरकवली की तेच भांडं पिझ्झा भाजायला साडेतीनशेच्या वर जातं. हवेचा झोत कमी असल्यामुळे मांस सुकत नाही. आपल्या बोकडाला हे विशेष मानवतं. अमेरिकन व्हिडिओंतल्या गाईच्या मांसात चरबीचे थर असतात, बोकडाची रांग तशी कोरडी. कमाडोत ती पाच-सहा तासांनी हाडापासून नुसत्या बोटांनी सुटते.

तोटाही त्याच भिंतींचा. एकदा आच वर गेली की ती खाली यायला तासभर घेते. मटण वाट बघत बसतं, पाहुणेही. आणि कोंडलेल्या आगीचं झाकण एकदम उघडलं तर आत घुसलेल्या हवेने जो भडका उडतो, त्यात भुवया जातात. आधी बोटभर उघडायचं, थांबायचं, मग पूर्ण. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

इथवर तक्रार नाही. माझी तक्रार सोबत विकल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. कमाडोच्या जाहिरातीत हमखास ‘हजारो वर्षांची परंपरा’ येते: चीनचे मातीचे घडे, भारताचा तंदूर, जपानची चूल आणि त्या रांगेच्या शेवटी तुमचं टेरेस. खरा इतिहास यापेक्षा छोटा आणि जास्त मजेदार आहे. जपानमध्ये ‘मुशिकामाडो’ नावाचं मातीचं, घुमटासारख्या झाकणाचं भांडं होतं. त्यात भात शिजायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ही भांडी पाहिली, घरी नेली, आणि भाताऐवजी त्यांत मांस घातलं. 1974 साली अटलांटात एड फिशर नावाच्या माणसाने दुकान काढलं. तिथे तो पाचिंको ही जपानी जुगाराची यंत्रंही विकायचा. मातीचे कमाडो तडकत, म्हणून त्याने टिकाऊ सिरॅमिक आणलं, हिरवा रंग दिला आणि ‘बिग ग्रीन एग’ नाव ठेवलं. हजारो वर्षांचं प्रकरण म्हणतात ते साधारण एवढं.

या गोष्टीत एक तारीख मात्र कुणी घालत नाही. सैनिक ही भांडी अमेरिकेला नेत होते त्याच दशकात, 1955 साली, तोशिबाने जपानमध्ये विजेवरचा राइस कुकर बाजारात आणला. त्यामागच्या चाचण्यांचं मोठं काम फुमिको मिनामी या बाईंनी केलं. नवऱ्याच्या छोट्या कारखान्याला कुकर बनवायचं काम मिळालं होतं. भात नेमका कधी शिजतो, कधी करपतो, हे त्या पुन्हा पुन्हा शिजवून, तापमान मोजून नोंदवत राहिल्या. कमाडोपुढे पहाटे उठून बसणं त्यांना आणि त्यांच्यासारख्या लाखो बायकांना माहीत होतं. बटण आलं, आणि चूल घरातून गेली. म्हणजे जपानी बाई जिच्यापासून सुटत होती, तीच वस्तू अमेरिकन पुरुषाचा छंद होत होती.

आता हे आपल्याकडे लावून बघा. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस खेडोपाडी पोचला. (सिलिंडर परवडत नाही म्हणून किती घरांत तो कोपऱ्यात उभा आहे, हा वेगळा लेख.) आणि नाशिकपासून मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगावकडे निघालात तर पाट्या दिसतात: चुलीवरची मिसळ, चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी. चुलीवरच्या आइस्क्रीमचा विनोद आता जुना झाला, पण पाट्या वाढतच आहेत.

यातल्या भाकरीला मी मान देतो. तव्यावरून काढून आरासमोर उभी केलेली भाकरी खरोखर वेगळी फुगते, वेगळी लागते. पण मिसळीचं काय? रस्सा पातेल्यात आहे, आग पातेल्याखाली. खाली बाभूळ जळतेय की सिलिंडर, हे रश्श्याला कळायचा मार्ग फारसा नाही. धुराची चव अन्नात उतरायला धूर अन्नापर्यंत पोचावा लागतो. जळगावकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात तेव्हा तो पोचतो. पोपटीत तर आग मडक्याच्या बाहेरच असते, आणि चव भांबुर्ड्याच्या पाल्याची येते. रायगडवाले ते लपवत नाहीत. मिसळीच्या पाटीवर मात्र जी विकली जाते ती चव नसतेच. आजोळ विकलं जातं. त्या हिशेबात कमाडो जास्त प्रामाणिक निघतो, कारण त्याच्या पोटात धूर आणि मटण एकाच खोलीत राहतात.

‘सिरॅमिक’ या शब्दाने दबून जायचं तर त्याआधी खापर आठवावं. खानदेशात आणि आमच्या नाशिककडे पुरणाचे मांडे खापरावर होतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. तेही सिरॅमिकच, पण स्वभाव अगदी उलटा. कमाडो जाड, म्हणून आच साठवतो. खापर पातळ, म्हणून आच लगेच वर देतं, आणि जाळ कमी झाला की लगेच निवतं. साठवण भांड्यात नाही म्हटल्यावर ती माणसात लागते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर आणि कोपरापर्यंत खेळवत मोठी करायची, ती एका झटक्यात पालथ्या खापरावर टाकायची, आणि त्याच वेळी खालचं लाकूड पुढेमागे सारायचं. झडप नाही, थर्मामीटर नाही. बाईचा हातच झडप. कमाडोबद्दल लिहिताना ‘आगीवर हुकमत’ हा शब्दप्रयोग मी अनेकदा वाचला आहे. मांडे करणाऱ्या बाईबद्दल तो कुणी वापरलेला मला आठवत नाही. तिच्याबद्दल ‘हाताला चव’ म्हणतात. तिच्या कौशल्याचं कौतुकही असं होतं की ते कौशल्य वाटू नये.

बहिणाबाई चौधरींनी संसारासाठी चुलीवरच्या तव्याची प्रतिमा घेतली, ती याच भागातल्या चुलीपुढे बसून. त्या कवितेत हाताला चटके आहेत. महामार्गावरच्या पाट्यांतून ते वगळले जातात आणि कमाडोच्या रीलमध्ये त्यांच्या जागी हातमोजे येतात. रविवारी सहा तास आगीपाशी उभा राहिलेला पुरुष सोमवारपर्यंत त्याबद्दल बोलतो. रोज दोन वेळा तिथे बसणाऱ्या बाईला खोकला होता, एवढंच घरात कुणाच्या तरी लक्षात राहतं.

जळणाचंही असंच. कमाडोवाले ‘हिकरी’ आणि ‘ॲपलवूड’चे तुकडे मागवतात. पिंपळगावात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेबागेच्या बांधावर काड्यांचे ढीग पडतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षाच्या अशाच काड्यांवर मांस भाजतात, आणि त्या पदार्थाला नाव आहे. मग इथे का नको, असं माझ्या मित्रालाही वाटलं. पण बोर्डो हे नाव निफाड तालुक्यात वेगळ्याच कारणाने पाठ आहे: मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, जे तिथेच 1880च्या दशकात द्राक्षाच्या केवड्यावर उपाय म्हणून निघालं. आपल्या काड्यांनी हंगामभर ते आणि त्याशिवाय बरंच काही अंगावर घेतलेलं असतं. ती साल जाळून त्याचा धूर झाकणाखाली मटणाबरोबर कोंडावा, असं मला वाटत नाही. बाभळीचा कोळसा घ्यावा. तो इथलाच आहे, टणक आहे, आणि बराच वेळ टिकतो.

मित्राच्या आईला, म्हणजे मावशींना, कमाडो पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांनी दोन बाजूंनी फिरून बघितला आणि विचारलं, “ह्याच्यावर आंघुळीचं पाणी तापतं का रे?” नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. पण गेल्या हिवाळ्यात रांग काढून झाल्यावर आत भरपूर निखारा उरला होता. मावशी ताटात सात-आठ वांगी घेऊन आल्या. मित्र जाळी बसवायला लागला, तर “काढ ती” म्हणाल्या, आणि वांगी थेट निखाऱ्यात सारली. झाकण उघडंच ठेवलं. मित्र थर्मामीटरकडे बघत होता. मावशी वांग्यांकडे. जेवायला बसल्यावर मटणाआधी भरीत संपलं.