काचेची फरशी आणि काच फुटल्याचा आवाज

विज्ञानाची प्रदर्शने केवळ संग्रहालयांतच भरतात असे नाही. मोठा पूल, धरणाची भिंत, उंच इमारतीवरचा निरीक्षण-सज्जा हीसुद्धा एका अर्थाने प्रदर्शनेच होत. माणसे तेथे कुतूहलाने जातात, शाळांच्या सहलीही जातात. म्हणून एखाद्या पुस्तकाचे किंवा प्रयोगसंचाचे परीक्षण करावे, तसे अशा स्थळांचेही करायला हवे. येणाऱ्याला तेथे काय दाखवले जाते, काय सांगितले जाते आणि काय सांगायचे राहून जाते? या प्रश्नांसाठी आपण ऑस्ट्रेलियातील मेलबर्न या सागरकाठच्या शहरातील ‘युरेका टॉवर’ ही इमारत घेऊ.

यारा नदीच्या दक्षिण काठावरील ही इमारत २००६ साली पूर्ण झाली. तिची उंची २९७ मीटर आहे. ८८व्या मजल्यावर, जमिनीपासून २८५ मीटर उंचीवर, २००७ साली प्रेक्षकांसाठी सज्जा खुला झाला. त्यातील सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ‘द एज’, अर्थात ‘कड’. ही एक काचेची खोली आहे. माणसे आत उभी राहिली की ती सरकत सरकत भिंतीच्या बाहेर ३ मीटर येते. तोपर्यंत तिच्या काचा दुधी असतात. खोली पूर्ण बाहेर आली की क्षणात त्या पारदर्शक होतात आणि थेट पायाखाली शहर दिसू लागते. त्यात भर म्हणून धातू करकरल्याचे व काच फुटल्याचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्याची पद्धतही तेथे पडली.

आपला आक्षेप या आवाजांना आहे. माणसांना घाबरवले म्हणून नव्हे. आकाशपाळण्यात बसणारा माणूस भीतीची मजा घ्यायलाच पैसे देतो, त्यात गैर काही नाही. आक्षेप असा, की हा आवाज काचेविषयी खोटे सांगतो आणि जे खरे सांगण्यासारखे आहे ते झाकून टाकतो.

काच कशी तुटते?

लोखंडी सळईवर भार वाढवत नेला तर ती आधी वाकते आणि मग तुटते. वाकणे ही तिने दिलेली सूचनाच असते. काच अशी सूचना देत नाही. ती शेवटपर्यंत स्थितिस्थापक राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम तडकते. तडा एकदा सुटला की काचेतून सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावू शकतो. आधी करकर, मग थोडे थोडे फुटणे, असा क्रम काचेच्या स्वभावात बसत नाही.

मग अशा पदार्थाची फरशी करण्याचे धाडस कसे होते? ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२०च्या सुमारास दाखवून दिले, की काच तिच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म चिरांमुळे कमजोर ठरते. ताण पडला की चिरेच्या टोकाशी तो एकवटतो आणि चीर उघडत जाते. यावर पहिला उपाय म्हणजे टफन्ड काच. काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग नंतर आकसू लागतो आणि बाहेरच्या थराला ओढून धरतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो व चिरा मिटलेल्या राहतात. भाराने या चिरा उघडायच्या, तर आधी हा दाब संपवावा लागतो.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे. काचेचे अनेक थर घेऊन त्यांच्यामध्ये चिवट प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवतात. मोटारीची पुढची काच अशीच असते. दगड लागला तर तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पडतात, पण ती चौकटीत टिकून राहते. काचेच्या फरशीचा आराखडा करताना ‘काच फुटणार नाही’ असे अभियंता धरत नाही. ‘एक थर फुटला तरी उरलेल्या थरांनी भार पेलला पाहिजे’ असे तो धरतो. सुरक्षितता येते ती या पूर्वतयारीतून.

याची लोकांसमोर परीक्षाही झाली आहे. शिकागोच्या विलिस टॉवरमध्ये १०३व्या मजल्यावर, ४१२ मीटर उंचीवर, २००९ साली काचेचे सज्जे बसवण्यात आले. मे २०१४ मध्ये प्रेक्षक उभे असतानाच एका सज्जाच्या तळाला तडे गेलेले दिसले. तडे होते काचेवरच्या संरक्षक थराला; भार पेलणारी काच शाबूत होती आणि कोणालाही इजा झाली नाही. पण आपण कशावर उभे आहोत हे ज्याला कोणी सांगितलेलेच नाही, त्याला हा फरक कसा कळावा?

युरेका टॉवरमधील काच ४५ मिलिमीटर जाडीची आहे. ती क्षणात पारदर्शक होते त्यामागेही उत्तम भौतिकशास्त्र आहे. तिच्या थरांमधील बहुवारिकाच्या पापुद्र्याला वीज मिळाली की त्यातील रेणू एका दिशेने रांगेत येतात आणि प्रकाश सरळ पार जातो. वीज नसताना ते अस्ताव्यस्त असतात, प्रकाश विखुरतो व काच दुधी दिसते. म्हणजे वीज गेली तर खालचे दृश्य जाईल, फरशी मात्र राहील. एवढे एक वाक्य सांगितले तरी मनोऱ्यावर आलेल्या विद्यार्थ्याला किती विचार करता येईल!

पाय का अडखळतात?

काच भक्कम आहे हे पटूनही पाय पुढे पडत नाही. यात लाज वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील एलिनॉर गिब्सन व रिचर्ड वॉक यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६ ते १४ महिन्यांच्या ३६ बाळांना एका मोठ्या काचेच्या टेबलावर ठेवले होते. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचे कापड होते, उरलेल्या भागात ते खोल जमिनीवर होते. आईने बोलावल्यावर २७ बाळे उथळ बाजूला रांगत गेली. खोल बाजूच्या काचेवर गेली ती फक्त तीन. काही बाळे हाताने काच चाचपूनही मागे फिरली. हाताचा पुरावा आणि डोळ्यांचा पुरावा यांत डोळे जिंकले.

उंचीवर आणखी एक अडचण येते. ताठ उभे असतानाही आपले शरीर किंचित डुलत असते. हे डुलणे डोळ्यांना जवळच्या वस्तूंच्या सरकण्यावरून कळते. २८५ मीटर खालचा रस्ता मात्र डोळ्यांना जवळपास स्थिरच भासतो. कान आणि तळपाय एक सांगतात, डोळे दुसरे, आणि तोल गेल्यासारखे वाटते. वर्गात एका पायावर, आधी डोळे उघडे ठेवून व मग मिटून, उभे राहिले तरी तोल सांभाळण्यातला डोळ्यांचा वाटा प्रत्येकाला कळतो.

याच टेबलावरचा १९८५ सालचा एक प्रयोग शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. त्यात खोली थोडी, म्हणजे संशय वाटावा इतपतच होती आणि बाळे वर्षभराची होती. आईचा चेहरा हसरा असताना १९ पैकी १४ बाळे काच ओलांडून आली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आले नाही. शंका असेल तेव्हा मूल सोबतच्या मोठ्या माणसाकडे पाहते. काच फुटल्याचा आवाज ऐकवणारा सज्जा हा घाबरलेला चेहरा आहे.

जे दिसते, पण दाखवले जात नाही

भीतीच्या गडबडीत क्षितिजाकडे लक्ष जात नाही, हे आणखी एक नुकसान. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून पायथागोरसचे प्रमेय लावले तर २८५ मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ६० किलोमीटरवर येते. (सोपे सूत्र: मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते.) मेलबर्न ज्या पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी वसले आहे, त्याचे समुद्राला मिळणारे मुखही शहरापासून साधारण ६० किलोमीटरवरच आहे. म्हणजे निरभ्र दिवशी उपसागराचे तोंड अगदी क्षितिजरेषेवर यावे. पृथ्वीच्या गोलाईचा यापेक्षा चांगला धडा कोणता?

‘युरेका’ म्हटले की आपल्याला आर्किमिडीज आठवतो. या इमारतीचे नाव मात्र १८५४ साली बॅलराट येथे सोन्याच्या खाणकामगारांनी केलेल्या उठावावरून आले आहे. तरी ‘सापडले!’ हा त्या शब्दाचा अर्थ सुटत नाही. तेथून परतणाऱ्याला काही सापडावे, ही अपेक्षा रास्त आहे. रचना म्हणून ही खोली पहिल्या प्रतीची आहे. प्रदर्शन म्हणून मात्र ती निम्म्यावर थांबते, कारण ती धडधड देते आणि तिचे कारण देत नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही. बिहारमध्ये राजगीर येथे २०२१ साली आणि कन्याकुमारीच्या समुद्रात २०२४ साली काचेचे पूल खुले झाले आहेत. आपले विद्यार्थीही अशा फरशीवर उभे राहतील. जाण्यापूर्वी त्यांच्या हाती तीन प्रश्न द्यावेत: काचेत थर किती? वरचा थर फुटला तर भार कोण पेलणार? येथून क्षितिज किती दूर? उत्तरे तेथील कर्मचाऱ्यांना विचारावीत, क्षितिजाचे उत्तर स्वतः काढावे.

आणि असे सज्जे बांधणाऱ्यांना एक सूचना. दारापाशी, जमिनीवरच, तसलीच एक फरशी बसवा. तिचा वरचा थर मुद्दाम फोडलेला असू द्या. प्रत्येकाला तिच्यावर उभे राहू द्या. फुटलेली काच आपल्याला पेलते हे ज्याच्या पायांनी अनुभवले, तो वर गेल्यावरही घाबरेल कदाचित, पण आपण कशाच्या भरवशावर उभे आहोत हे त्याला ठाऊक असेल.