कुडाची भिंत आणि सुखाचे रंग

हेलन ॲलिंगहॅम (१८४८–१९२६) यांची जलरंगातील इंग्रजी खेडेघरे पाहताना मन आधी प्रसन्न होते आणि मग थोडे साशंक. दारात फुलझाडे, फाटकाशी कडेवर मूल घेतलेली बाई, वर स्वच्छ आकाश. १९०३ साली या चित्रांचे पुस्तक निघाले, त्याचे नावच ‘हॅपी इंग्लंड’. घरातली ओल आणि शेतमजुराची ओढाताण त्यात कुठे दिसत नाही. ही चित्रे गोडगोड आहेत, हा आक्षेप म्हणूनच खरा आहे. पण तो अपुरा आहे.

१८८१ मध्ये ॲलिंगहॅमबाई सरे परगण्यात विटलीजवळ राहायला गेल्या. तिथली जुनी घरे तेव्हा पाडली जात होती, किंवा दुरुस्तीच्या नावाखाली ओळखू येईनाशी होत होती. बाई घरासमोर बसून चित्र काढीत. त्यामुळे भिंत कशाची आहे, हे त्यांच्या कुंचल्याला ठाऊक आहे. ओकचे लाकूड ओले असतानाच कापून, कुसू-भोकाने जोडून, लाकडी खुंट्या ठोकून सांगाडा उभा करीत. लाकूड वाळताना वाकते; चित्रातले झुकलेले आढे ही म्हणूनच नुसती रम्य कल्पना नव्हे. भार सांगाड्यावर; मधल्या जागेत फोकांची विण, तिच्यावर माती, शेण आणि गवत यांचा लेप, वर चुना. आपण याला कूडच म्हणू! चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंटच्या गिलाव्याला मात्र चिरा पडतात, आत शिरलेले पाणी कोंडते आणि शतकानुशतके टिकलेला ओक कुजू लागतो.

एक दोष मात्र नोंदवला पाहिजे. नव्या खिडक्या बसवलेल्या घराला बाई चित्रात पुन्हा जुन्या जाळीदार खिडक्या देत. रसिकाला हे चालेल. पण चित्र पुरावा मानून घर दुरुस्त करणाऱ्याने सावध राहावे.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. या चित्रांत बायका-मुले पुष्कळ, पण भिंत लिंपणारा, छप्पर शाकारणारा हात सहसा दिसत नाही. ज्यांनी आजोळी कुडाची भिंत पाहिली आहे, त्यांना ही उणीव चटकन जाणवेल. शेणामातीचे घर नुसते प्रेम मागत नाही, ते दरसाल हात मागते. आपल्या पडक्या वाड्यांची सुंदर छायाचित्रे पाहून हळहळताना एवढे आठवले, तरी या चित्रांनी आपल्याला काही दिले असे म्हणता येईल.