विश्वासाचे भांडे : जानकीरामन यांच्या दोन कथा

अस्थानी ठेवलेल्या विश्वासाची कथा म्हटली की फसवला गेलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो. त्याने कोणावर भिस्त ठेवली, ती कशी फोल ठरली आणि हे त्याला केव्हा उमगले, या तीन टप्प्यांनी अशा कथेचा आलेख काढता येतो. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथाने मराठी लघुकथेला जे तंत्र शिकवले, त्यात या आलेखाला सहज जागा मिळते. निरगाठ म्हणजे विश्वास आणि उकल म्हणजे भ्रमनिरास. या तंत्राविरुद्ध नवकथेने बंड केले हे खरे. परंतु विश्वासभंगाच्या कथेपुरते बोलायचे तर आपली वाचनाची सवय अद्याप पुष्कळशी जुनीच राहिली आहे. कोण फसले याचा शोध घेण्यातच वाचकाचे लक्ष गुंतलेले असते.

या सवयीला धक्का देणाऱ्या दोन कथा तमिळमध्ये आहेत. दोन्ही ति. जानकीरामन (१९२१-१९८२) यांच्या. मन्नारगुडीजवळच्या देवंगुडीचा हा लेखक पुढे शिक्षक झाला, नंतर आकाशवाणीच्या नोकरीत दिल्लीला गेला. 'शक्ती वैद्यम्' या कथासंग्रहासाठी त्यांना १९७९ साली साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले. 'मोहमुळ्' आणि 'अम्मा वंदाळ्' या कादंबऱ्यांमुळे त्यांचे नाव तमिळनाडूबाहेर गेले. तथापि त्यांच्या प्रतिभेचे खरे माप कथेतच सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिली कथा 'कंडामणि', म्हणजे देवळातली मोठी घंटा. मार्गम् नावाचा एक गृहस्थ खाणावळ चालवतो. एका गिऱ्हाइकाला तो जेवू घालतो आणि ते तृप्त होऊन निघून गेल्यावर कालवणाच्या भांड्यात साप पडलेला त्याला दिसतो. नवराबायको दोघे मिळून भांडे रिकामे करतात आणि देवाला नवस बोलतात : ही गोष्ट बाहेर फुटली नाही तर देवळाला घंटा वाहू. दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईक मेल्याची वार्ता येते. मृत्यूचा संबंध कोणी खाणावळीशी लावीत नाही. नवस फळला म्हणून घंटा टांगली जाते आणि तिचा नाद मार्गम्ला सोसवेनासा होतो. तिच्या बदल्यात चांदीच्या लहान घंटा देतो, ही तेवढी परत द्या, अशी विनवणी घेऊन तो देवळाच्या व्यवस्थापकाकडे जातो. विनवणी अर्थातच व्यर्थ ठरते.

दुसरी कथा 'पायसम्', म्हणजे खीर. सामनादु हा वयोवृद्ध गृहस्थ आपल्या पुतण्याच्या, सुब्बरायनच्या, भरभराटीने आतून जळतो आहे. सुब्बरायनच्या घरी मुलीचे लग्न आहे. कावेरीवरून स्नान करून सामनादु लग्नघरी येतो. त्याची दिवंगत पत्नी मनातल्या मनात त्याच्याशी बोलत असते आणि त्याचे खरे रूप त्याला दाखवीत असते. कोणी पाहत नाही अशी वेळ साधून तो खिरीचे प्रचंड भांडे कलंडून देतो आणि वर आचाऱ्यांनाच दरडावतो की खिरीत उंदीर पडला होता, तुमचे लक्ष कोठे होते? त्याची विधवा मुलगी त्याच्याकडे पाहते. ती नजर त्याला सोसवत नाही.

या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. एका भांड्यात साप आहे आणि तो लपवला जातो. दुसऱ्या भांड्यात काहीच नाही आणि उंदीर पाहिल्याचे सांगितले जाते. एका ठिकाणी मौनाने घात केला, दुसऱ्या ठिकाणी शब्दाने. आणि दोन्ही ठिकाणी ज्यांनी विश्वास ठेवला ते कथेत जवळजवळ नाहीतच. मार्गम्चे गिऱ्हाईक पानावरून उठते आणि आपल्या दृष्टीआड होते. लग्नघरची मंडळी वडीलधाऱ्याच्या शब्दाखाली दबून जातात. आपण फसवले गेलो हे त्यांच्यापैकी कोणालाही कळत नाही. म्हणजे भ्रमनिरासाचा क्षण, ज्यावर जुने तंत्र उभे होते, तोच येथे गाळलेला आहे.

मग कथा घडते कोठे? ज्याच्यावर विश्वास टाकला गेला त्याच्या मनात. येथे आपल्या जुन्या साहित्यशास्त्राची आठवण होते, आणि ती शोभेसाठी नव्हे. नाट्यशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये 'शंका' येते. आजच्या मराठीत शंका म्हणजे दुसऱ्याविषयीचा संशय. भरताने मात्र तिचे विभाव सांगताना चोरी, राजाचा अपराध, पापकर्म यांची नावे घेतली आहेत. ही शंका अपराध्याची आहे : आपले कृत्य कोणी ओळखले तर नसेल? शंका स्वतःपासून उद्भवते तशी दुसऱ्यापासूनही, असे तिचे दोन प्रकारही तेथे सांगितले आहेत. मार्गम्ची शंका पहिल्या प्रकारची. त्याच्याकडे बोट दाखवणारा कोणीच नाही, म्हणून त्याला घंटेचा नाद पुरतो. सामनादुच्या बाबतीत ती मुलीच्या नजरेतून येते, पण तिथवर पोचण्याआधी मृत पत्नीच्या मुखाने ती त्याच्या आतच बोलत असते.

'पायसम्'वर वसंत साई यांनी केलेला लघुचित्रपट २०२१ साली 'नवरस' या मालिकेत प्रदर्शित झाला. सामनादुची भूमिका दिल्ली गणेश यांनी केली होती. त्या मालिकेत प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला एकेक रस दिलेला होता आणि या कथेच्या वाट्याला बीभत्स आला. अभिनयाविषयी तक्रार नाही. परंतु जुगुप्सा हा स्थायीभाव येथे कोणाचा मानायचा? प्रेक्षकाचा मानला तर म्हाताऱ्याकडे पाहून नाक मुरडण्याची सोय होते आणि आपण सुटतो. मूळ कथेत ही सुटका नाही. निवेदन सामनादुला इतके लगटून चालते की त्याचा मत्सर आपल्याला हास्यास्पद वाटत असतानाच ओळखीचा वाटू लागतो. त्याने भांड्याला हात घातला तेव्हा आसपास कोणी नव्हते, आपण मात्र होतो. उंदीर नव्हता हे लग्नमंडपात सामनादुखेरीज फक्त वाचकालाच निश्चित ठाऊक आहे. लेखकाने आपल्याला विश्वासात घेतले ते अशा रीतीने. दोन्ही कथांत हा विश्वास आपल्याला जड जातो.

हे सारे अन्नाभोवती घडते, त्याचे कारण त्या प्रदेशात शोधले पाहिजे. कावेरी त्रिभुज प्रदेशातील गाव परस्परांवरच्या भरवशावर चालत आले आहे. कल्लणैपाशी पाणी विभागले जाते, मग वेण्णार, कुडमुरुट्टी, अरसलार अशा फाट्यांतून आणि त्यांच्याही पोटपाटांतून शेतात पोचते. कालव्याच्या शेपटाकडच्या गावाला वरच्या गावाने पाणी अडवले नाही यावर भिस्त ठेवावीच लागते. पाटांची डागडुजी गावकऱ्यांनी मिळून करावयाची कुडिमरामत्तु ही प्रथाही याच भरवशाची. आणि परक्याच्या हातचे अन्न हा त्याचाच दुसरा चेहरा. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरावर भोसल्यांचे राज्य होते आणि त्यांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे बांधून अन्नदान चालवले. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीने उभारले. वाटसरूने कोण रांधतो हे न विचारता पानावर बसावे, हा त्या व्यवस्थेचा पाया. मार्गम्ची खाणावळ हे त्याच परंपरेचे, पैसे मोजून मिळणारे, आकसलेले रूप आहे. तेथे जेवणाऱ्याने चौकशी केली नाही, म्हणून त्याला भोळा म्हणणे अन्यायाचे होईल. विश्वास अस्थानी ठरला हे खरे. तो ठेवताना मात्र त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

आता गुणदोषांविषयी. 'कंडामणि'ची कीर्ती मोठी आहे आणि तिच्यातील उपरोध भेदक आहे : पाप झाकावे म्हणून बोललेला नवसच गावभर ऐकू येतो. मात्र त्या घंटेत प्रतीकाचा आवाज जरा मोठाच झाला आहे असे वाटते. ती वाजू लागल्यावर पुढे काय होणार हे वाचकाला आधीच कळते. माणूस विषाने मेला की आपल्या मरणाने, हे लेखकाने अनिश्चित ठेवले, हे त्या कथेचे खरे बळ. घंटा मात्र त्या अनिश्चिततेला वावच ठेवीत नाही, ती निकाल देऊन मोकळी होते. मार्गम् चांदीच्या लहान घंटा देऊ करतो तो प्रसंग याला अपवाद. तेथे सौदा करणारा व्यापारी आणि भ्यालेला पापी एकाच वाक्यात बोलतात आणि हसावे की शहारावे हे ठरत नाही.

'पायसम्'मध्ये असा नाद नाही. खीर सांडली, ती वाहून गेली, पुरावा उरला नाही. देव नाही, नवस नाही. केवळ एका मुलीने बापाकडे पाहिले आहे. त्या नजरेत ठाम आरोप आहे असेही म्हणता येत नाही; विधवा म्हणून जिला आयुष्यभर मंगलकार्यात मागे राहावे लागले, तिला तेथून नेमके काय दिसले असेल याचा अंदाज करण्याचे काम लेखकाने सामनादुवर सोपवले आहे आणि तो ते करू धजत नाही.