निरोप न मिळालेली जहाजं

फेब्रुवारी २०२२ मध्ये पॅरामाउंट कंपनीने गुंतवणूकदारांसमोर ‘स्टार ट्रेक’च्या नव्या चित्रपटाची घोषणा केली. २००९ पासून ‘एंटरप्राइझ’ जहाजावर वावरणारी ख्रिस पाइन, झॅकरी क्विंटो, झोई साल्डान्या ही मंडळी परतणार, मॅट शॅकमन दिग्दर्शन करणार आणि २२ डिसेंबर २०२३ला चित्रपट लागणार, असं सांगण्यात आलं. कलाकारांचे करार तेवढे व्हायचे होते. ऑगस्टमध्ये शॅकमन ‘फँटॅस्टिक फोर’ करायला निघून गेला आणि पुढे ती तारीखही यादीतून उतरली.

तोवर हा चौथा भाग सहा वर्षं रखडलेला होता. ‘स्टार ट्रेक बियॉण्ड’ जुलै २०१६ मध्ये लागायच्या चार दिवस आधीच त्याच्या पुढच्या भागाची घोषणा झाली होती. कप्तान कर्कच्या वडिलांच्या भूमिकेत ख्रिस हेम्सवर्थ परतणार होता. २०१८ मध्ये एस. जे. क्लार्कसनची दिग्दर्शक म्हणून निवड झाली. तो चित्रपट झाला असता, तर स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला ‘स्टार ट्रेक’पट ठरला असता. मानधनावरून पाइन आणि हेम्सवर्थ यांच्याशी बोलणी फिसकटली आणि तो बारगळला. क्वेंटिन टॅरंटिनोची कल्पना त्याआधीच आलेली होती, मग नोआ हॉलीची संहिता आली, २०२४ मध्ये स्टीव्ह यॉकीकडे लेखन गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट स्कायडान्समध्ये विलीन झाली आणि त्यानंतर नव्या मालकांचा कल या मंडळींशी संबंध नसलेल्या वेगळ्याच चित्रपटाकडे असल्याच्या बातम्या आल्या.

चित्रपट बारगळण्यात नवल नाही. हॉलिवूडमध्ये कागदावर राहणारे चित्रपट पडद्यावर येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. पण गुप्तहेराच्या मालिकेतला नट बदलला तरी काम चालतं. जेम्स बाँडचं साठ वर्षं तसंच चाललं आहे. अंतराळजहाजाच्या कथेत नायक एकटा नसतो. कप्तान, वैद्य, यंत्रज्ञ, सुकाणूवरचा तरुण यांची एकमेकांशी झालेली सवय हाच कथेचा जीव असतो. पात्रं कंपनीच्या मालकीची असतात, पण ती सवय जिवंत माणसांची असते, आणि माणसं म्हातारी होतात. म्हणून या प्रकारात निरोप हा रचनेचा प्रश्न बनतो. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तो कुणी कसा सोडवला, हे पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते: अडचण पैशाची फारशी नसते. ‘आता हे शेवटचं’ असं म्हणण्याचा अधिकार कुणाकडेच नसतो, ही खरी अडचण.

मूळ ‘स्टार ट्रेक’ १९६६ ते १९६९ या काळात एनबीसी वाहिनीवर चालली. तीन हंगाम, ७९ भाग. जून १९६९ मध्ये शेवटचा भाग दाखवला गेला तो ‘टर्नअबाउट इंट्रूडर’, म्हणजे कर्कच्या देहात भलतंच कुणी शिरतं अशी एक मधलीच गोष्ट. मालिका संपल्याची त्यात खूणही नाही. त्या काळच्या दूरचित्रवाणीला शेवट नकोच असायचा, कारण पुनःप्रक्षेपणासाठी विकताना भाग कुठल्याही क्रमाने लावता आले पाहिजेत. त्या पुनःप्रक्षेपणांतूनच मालिकेचा खरा प्रेक्षक घडला. आपल्याकडेही ती १९८०च्या दशकात दूरदर्शनवर आली, तेव्हा तिचं चित्रीकरण थांबून दशकाहून जास्त काळ लोटला होता. शेवट नसल्यामुळे परतीचा रस्ता मोकळा राहिला, हेही खरं.

परतीचा पहिला प्रयत्न कागदावरच राहिला. १९७७ मध्ये पॅरामाउंटने स्वतःची वाहिनी काढायचं ठरवलं आणि तिच्यासाठी ‘फेज टू’ नावाची नवी मालिका आखली. तेरा भागांची तयारी झाली, जहाजाचे सेट उभे राहू लागले. स्पॉकऐवजी झॉन नावाचा तरुण व्हल्कन, डेकर नावाचा उपकप्तान आणि इलिया ही डेल्टन युवती अशी नवी पात्रं आली. इलियासाठी निवड झाली ती १९६५ची मिस इंडिया, मुंबईची पर्सिस खंबाटा हिची. वाहिनी निघालीच नाही. तोवर ‘स्टार वॉर्स’ने गल्ल्याचा हिशेबच बदलला होता. मालिकेच्या पहिल्या भागाची कथा फुगवून १९७९चा ‘द मोशन पिक्चर’ तयार झाला. केस उतरवलेली खंबाटा त्यात दिसली आणि त्याच चित्रपटात इलियाची कथा संपलीही. न झालेल्या मालिकेचं सामान मात्र वाया गेलं नाही. डेकर आणि इलियाच्या जोडीवरून पुढे ‘नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतले रायकर आणि ट्रॉय घडले, तर १९८८च्या लेखकसंपात त्याच मालिकेने ‘फेज टू’ची एक जुनी संहिताच काढून वापरली. न झालेल्या भागांकडे केवळ हळहळीने पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्यांतलं चांगलं ते बहुधा दुसऱ्या दाराने आत येतं. येत नाही तो निरोप, कारण तो त्याच माणसांनी त्याच वयात द्यावा लागतो.

या प्रकारातला सर्वात चांगला निरोप १९९१चा. विल्यम शॅटनरने दिग्दर्शित केलेला पाचवा भाग पडला होता. सहाव्यासाठी निर्माता हार्व्ह बेनेटने कर्क आणि स्पॉकच्या विद्यार्थिदशेची गोष्ट, अर्थातच तरुण नटांना घेऊन, सुचवली. ती नाकारली गेली. मालिकेचं पंचविसावं वर्ष होतं, जुन्या मंडळींना एक शेवटची संधी मिळाली, आणि खर्चाला कडक लगाम बसला. ‘नेक्स्ट जनरेशन’चे सेट रंग बदलून वापरावे लागले. ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ हा असा काटकसरीत झालेला चित्रपट आहे.

त्याची ताकद विषयात आहे. बर्लिनची भिंत अंतराळात पडली तर काय होईल, अशी स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयची मूळ कल्पना होती. क्लिंगनांच्या चंद्रावर चेर्नोबिलसारखा स्फोट होतो, गोर्बाचेव्हच्या वळणाचा गॉरकन तहाची बोलणी सुरू करतो, आणि आयुष्यभर ज्यांच्याशी लढलो त्यांच्याबरोबर जेवायला बसण्याची वेळ कर्कवर येते. १९८४च्या भागात क्लिंगनांनी त्याचा मुलगा मारलेला आहे. म्हणजे ही माणसं निवृत्त होत आहेत ती नुसती वय झालं म्हणून नव्हे. ज्या जगासाठी ती घडली ते जगच संपत आहे, आणि नव्या जगात आपला द्वेष बरोबर नेता येणार नाही हे त्यांना कळतं आहे. दिग्दर्शक निकोलस मायरने निरोपाचा प्रसंग वेगळा काढला नाही, सगळा चित्रपटच निरोपाचा केला. शेवटी सातही नटांच्या सह्या पडद्यावर उमटतात. चित्रपट डिसेंबर १९९१ मध्ये लागला. त्याच महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मालिकेचा जनक जीन रॉडनबरी ऑक्टोबरमध्येच गेला होता.

भैरवी झाली की मैफल संपते, एवढं आपल्याकडच्या श्रोत्याला सांगावं लागत नाही. चित्रपट कंपन्यांना ते कोण सांगणार? १९९४च्या ‘जनरेशन्स’मध्ये कर्कला परत आणून मारलं गेलं. निमॉय आणि डीफॉरेस्ट केली आलेच नाहीत. कर्कच्या पाठीत गोळी घालणारा मूळ शेवट चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांना आवडला नाही, म्हणून मरण पुन्हा चित्रित केलं गेलं. दोन्ही मरणं अनावश्यक होती. मायरच्या चित्रपटात जे सात जणांचं मिळून होतं, ते इथे एकट्याच्या अपघातावर आलं.

‘नेक्स्ट जनरेशन’ची गत उलटी झाली. मे १९९४ मधला तिचा अखेरचा भाग ‘ऑल गुड थिंग्ज’ उत्तम होता. सात वर्षं सहकाऱ्यांच्या पत्त्यांच्या डावापासून दूर राहिलेला कप्तान पिकार्ड शेवटी त्या टेबलाशी येऊन बसतो. एवढीशी कृती, पण माणूस किती बदलला ते त्यातून कळतं. अडचण इतकीच, की चित्रपट आधीच ठरलेला होता. रोनाल्ड मूर आणि ब्रॅनन ब्रागा हे लेखक दोन्ही संहिता हाताळत होते. खरा निरोप मग आठ वर्षांनी ‘नेमेसिस’वर येऊन पडला. ‘एका पिढीचा अखेरचा प्रवास’ अशी त्याची जाहिरात होती, पण चित्रपटालाच त्याची खात्री नव्हती. यंत्रमानव डेटा मरतो, आणि मरण्याआधी त्याच्या स्मृती दुसऱ्या यंत्रमानवात उतरवून ठेवलेल्या असतात. शोक करायचा की वाट पाहायची, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून चित्रपटाने जगभरात पावणेसात कोटींच्या आसपास मिळवले आणि पुढचा भाग मिटला.

ती चूक निस्तरायला २०२३ उजाडलं. ‘पिकार्ड’च्या तिसऱ्या हंगामात टेरी मटालसने सगळ्यांना परत आणलं, १९९४ मध्ये नष्ट झालेल्या जहाजाचा कक्ष पुन्हा बांधला आणि शेवटी पुन्हा पत्त्यांचा डाव मांडला. हा हंगाम भावुक आहे, ठिकठिकाणी जुन्या आठवणींवर नको इतका रेलतो, आणि पहिल्याच हंगामात नीट निरोप दिलेल्या डेटाला पुन्हा उठवतो. तरी डावाचं ते दृश्य जमलं आहे, कारण तिथे कथा थांबते आणि एकमेकांना पस्तीस वर्षं ओळखणारी माणसं फक्त हसतात. पण त्याच्या मागेपुढे नवं जहाज, नवा चमू आणि क्यू नावाच्या जुन्या उपद्व्यापीचं पुनरागमन. त्यातून निघणारी पुढची मालिका झाली नाही. निरोपाच्या शेपटाला जाहिरात जोडली की अशी लोंबत राहते.

बाकीच्यांचा हिशेब थोडक्यात. सात वर्षं घराची ओढ सांगणारी ‘व्हॉयेजर’ २००१ मध्ये पृथ्वी दिसताच संपली. घरी पोहोचलेली माणसं दाखवायचं राहूनच गेलं. ‘एंटरप्राइझ’ मालिकेचा २००५ मधला शेवट तर दुसऱ्याच मालिकेतला रायकर संगणकावर पाहत असलेला जुना प्रसंग म्हणून दाखवला गेला. स्वतःच्या निरोपाला ही मंडळी पाहुणी ठरली. ‘स्टार ट्रेक’बाहेरच्या ‘फायरफ्लाय’ मालिकेचे १४ भाग झाले, फॉक्सने २००२ मध्ये त्यांतले ११ दाखवले. चाहत्यांच्या रेट्याने २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ चित्रपट झाला, पण जॉस व्हेडनने त्यात एकाच वेळी निरोपही दिला आणि पुढच्या भागांची पेरणीही केली. चित्रपट जेमतेम खर्चाएवढा चालला आणि पेरलेलं तसंच राहिलं.

याला अपवाद ‘बॅबिलॉन ५’चा. जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीने पाच वर्षांची कथा आधीच आखली होती. चौथ्या हंगामानंतर मालिका बंद पडणार असं दिसताच त्याने अखेरचा भाग ‘स्लीपिंग इन लाइट’ चित्रित करून टाकला. मग टीएनटी वाहिनीने पाचवा हंगाम दिला. तेव्हा तयार भाग बाजूला ठेवून चौथ्यासाठी दुसरा शेवट केला गेला, आणि राखून ठेवलेला भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये दाखवला. मधल्या काळात मालिका सोडून गेलेली क्लॉडिया ख्रिश्चनही त्यामुळे निरोपाला हजर दिसते. अंतराळस्थानकाचे दिवे मालवणाऱ्या कामगाराच्या भूमिकेत खुद्द स्ट्रॅझिन्स्की आहे. सगळं मिळून एका भागाचं चित्रीकरण, बस्स.

अलीकडे हे शहाणपण थोडं परतलं आहे. ‘डिस्कव्हरी’चा पाचवा हंगाम शेवटचा म्हणून लिहिलाच नव्हता; बंद करण्याचा निर्णय कळल्यावर काही जादा चित्रीकरण करून २०२४च्या अखेरच्या भागाला उपसंहार जोडण्यात आला. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ला जून २०२५ मध्येच सांगितलं गेलं, की पाचवा हंगाम शेवटचा आणि त्यात सहा भाग असतील. सहा भाग कमी आहेत, अशी तक्रार झाली. मला ती पटत नाही. शेवट आधी ठाऊक असणं ही लेखकाला मिळालेली सर्वात मोठी सवलत आहे.

आता पाइन-क्विंटोच्या मंडळींकडे. ‘बियॉण्ड’ला सुमारे साडेअठरा कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरातली मिळकत साडेचौतीस कोटींच्या आसपास राहिली. एवढ्या खर्चाच्या चित्रपटाला ते तोकडं, आणि चौथा भाग अडला तो तिथेच. पण जस्टिन लिनचा हा चित्रपट पुन्हा पाहा. निमॉय २०१५ मध्ये गेला होता. क्विंटोच्या स्पॉकला निमॉयच्या स्पॉकच्या सामानात जुन्या सात जणांचा फोटो सापडतो. चेकॉव्हचं काम करणारा अँटन येल्चिन प्रदर्शनाच्या महिनाभर आधी अपघातात गेला. कर्क अनुपस्थित मित्रांच्या नावाने पेला उचलतो तेव्हा येल्चिन तिथेच उभा आहे. मोडलेल्या जहाजाच्या जागी नवं जहाज उभं राहतं आणि मालिकेच्या सुरुवातीचे ते प्रसिद्ध शब्द सगळे मिळून वाटून घेतात. कुणीही ठरवलं नसताना हा निरोप झाला आहे, आणि ‘नेमेसिस’पेक्षा कितीतरी चांगला झाला आहे. येल्चिनच्या जागी दुसरा नट घेणार नाही, हे जे. जे. अब्राम्सने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे पूर्ण मंडळी पुन्हा जमणार नाहीत, हे २०१६ पासून ठाऊक होतं. त्यानंतरच्या घोषणांनी काय साधलं? झालेला निरोप अपुरा वाटू लागला, एवढंच.

म्हणून माझं मत असं: चौथा भाग न होण्याचं दुःख करू नये आणि तो आता होऊही नये. कंपन्यांनी मात्र स्ट्रॅझिन्स्कीचा धडा घ्यावा. पुढचा हंगाम मिळेल की नाही याची खात्री नसेल, तर शेवटचा भाग आधी लिहून, चित्रित करून कपाटात ठेवावा. एका भागाचा खर्च फार नाही; नऊ वर्षं संहितांवर आणि बोलण्यांवर गेलेल्या खर्चाच्या मानाने तर नाहीच.